वस्तू त्याची, काळजी माझी

प्रिय मित्रा,

परवा फोनवर तू इतका वैतागला होतास की मला धड काही बोलताच आलं नाही. तुझ्या मुलाने तिसरी पाण्याची बाटली हरवली, दुसरा स्वेटर आणि आता कंपासपेटीतला कर्कटक. "याला कशाची किंमतच नाही," असं तू तीनदा म्हणालास आणि मागून वहिनींचा आवाज आला, "बापावर गेलाय." त्यानंतर फोन फार लवकर ठेवलास, हेही लक्षात आलं. असलं बोलणं फोनवर होत नाही, म्हणून लिहायला बसलोय. सवडीने वाच.

आमच्याकडची दोन वर्षांपूर्वीची एक सकाळ सांगतो. धाकटा तेव्हा सहा वर्षांचा. मी त्याचं दप्तर भरत होतो आणि तो शेजारी पाहुण्यासारखा उभा होता. पट्टी सापडेना. त्याने शांतपणे विचारलं, "बाबा, तू माझी पट्टी कुठे ठेवलीस?"

मी चिडणारच होतो, पण त्याचं चुकलं कुठे होतं? त्याच्या वस्तू कुठे असतात हे घरात फक्त मला आणि त्याच्या आईला ठाऊक. काढून द्यायचो आम्ही, उचलून ठेवायचो आम्ही, हरवल्या की पलंगाखाली वाकून शोधायचोही आम्हीच. वस्तूवर नाव त्याचं, संसार आमचा. पट्टी हरवली की पोटात गोळा माझ्या येणार, त्याच्या कशाला येईल?

तेव्हापासून मी हे सगळं दुसऱ्या टोकाकडून बघायला लागलो. मूल वस्तू हरवतं हे खरं, पण त्या वस्तूची काळजी घरात कोण वाहतंय, हे आधी बघायला हवं. ती काळजी आपण सोडली नाही, तर त्याच्या हातात जाणार कशी? आणि सोडणं आपल्यालाच जड जातं, हे आधीच सांगून ठेवतो.

यातली माझी सगळ्यात मोठी चूक आता सांगतो. अजून आठवली की ओशाळायला होतं. एका सुट्टीत मी मुलांची खोली आवरायला काढली आणि धाकट्याचा एक ट्रक टाकून दिला. दोन चाकं गेलेली, मागचा दरवाजा लोंबकळत होता. माझ्या लेखी कचरा. संध्याकाळी तो ट्रक शोधायला लागला आणि मी सांगितल्यावर रडला नाही, नुसता बघत राहिला. मग म्हणाला, "पण तो माझा होता ना?" त्याच आठवड्यात मी त्याला "स्वतःच्या वस्तू स्वतः सांभाळायच्या" यावर एक लांबलचक व्याख्यान दिलं होतं. म्हणजे बघ, सांभाळायची जबाबदारी त्याची आणि फेकायचा हक्क माझा. अशा नोकरीवर तू तरी राहिला असतास का?

दोन वर्षांचं पोर "माझं, माझं" करत सगळं ओढून घेतं आणि आपण हसतो. पण त्या "माझं"ला आपण पुढे खरं होऊ देत नाही. बहिणीने मागितलं की "दे रे तिला", पाहुण्यांचं मूल आलं की "खेळू दे त्याला", जुनं झालं की परस्पर दुसऱ्याला. मग एक दिवस अचानक म्हणतो, वस्तूची कदर कर. ट्रकनंतर आम्ही नियम केला, आणि तो मुलांसाठी नव्हता, आमच्यासाठी होता: ज्याची वस्तू त्याला विचारल्याशिवाय ती द्यायची नाही, टाकायची नाही, उसनीही न्यायची नाही. त्याच्या "नाही"ला मान द्यायचा. पहिले काही दिवस त्याने प्रत्येक गोष्टीला "नाही" म्हणून आमचा जीव नकोसा केला. मग आपणहून द्यायला लागला.

मारिया माँटेसरींनी 1907 साली रोममध्ये आपली पहिली बालशाळा सुरू केली, तेव्हाची एक गोष्ट त्यांनी सांगितली आहे. साहित्य कपाटात कुलूपबंद असायचं आणि बाई काढून वाटायच्या. एके दिवशी कपाट उघडं राहिलं. मुलांनी हवं ते स्वतःच काढून घेतलं. बाईंना वाटलं, ही तर चोरी. माँटेसरींना मात्र दिसलं की मुलांना प्रत्येक वस्तू आणि तिची जागा चांगली ठाऊक आहे, त्यांना आपलं आपण निवडता येतं. पुढे कुलपाची कपाटं जाऊन मुलांच्या हाताला येतील अशी बुटकी, उघडी फडताळं आली.

हे वाचल्यावर मी आमच्या दाराजवळची खुंटी बघितली. माझ्या खांद्याच्या उंचीवर! धाकट्याने दप्तर रोज जमिनीवर फेकलं म्हणून मी रोज ओरडत होतो, आणि तिथे त्याचा हातच पोचत नव्हता. खुंटी त्याच्या छातीच्या उंचीवर आणली आणि दप्तराची कटकट निम्मी तिथेच संपली. दुसरी युक्ती गॅरेजमधली. तिथे भिंतीवरच्या फळीवर पान्याची, पकडीची, हातोडीची बाह्यरेषा काढलेली असते ना? वस्तू जागेवर नसली की मोकळी आकृतीच ओरडून सांगते. आम्ही त्याच्या टेबलाच्या खणात जाड कागद घालून कात्री, पट्टी, डिंकाची बाटली, कंपासपेटी यांच्या आकृत्या त्यालाच काढायला लावल्या. कात्रीची आकृती बदकासारखी झाली आहे. पण आता "कात्री कुठेय?" हे मला विचारावं लागत नाही, "बदक रिकामं आहे" असं तोच जाहीर करतो.

बाटलीचं मात्र वेगळं आहे. ती घरात हरवत नाही, बाहेर राहते. विसरण्याचाही एक प्रकार असतो. काल काय झालं ते आठवणं वेगळं, आणि पुढे वेळ आली की अमुक करायचं हे आपसूक आठवणं वेगळं. ही दुसरी आठवण मुलांमध्ये हळूहळू पक्की होत जाते, आणि मोठ्यांचीही फसते (तुझी छत्री, पण त्यावर नंतर येतो). म्हणून "लक्षात ठेव हं" हे सकाळी सांगून काही होत नाही. वस्तू राहतात त्या जागा बदलताना: वर्गातून मैदानावर, मैदानातून बसमध्ये, बसमधून खाली. आठवण नेमकी त्या जागी टांगावी लागते. धाकट्याशी आमचं ठरलं, सीटवरून उठलास की दोन पावलं टाकायची आणि मागे वळून सीटकडे बघायचं. एवढंच. जपानमध्ये रेल्वेचे चालक सिग्नलकडे बोट दाखवून तो काय दाखवतोय ते मोठ्याने म्हणतात, चूक होऊ नये म्हणून. ते मी त्याला सांगितलं आणि पठ्ठ्याला भलतंच आवडलं. आता शाळेतून निघताना तो एकेका वस्तूवर बोट ठेवून म्हणतो, "दप्तर, डबा, बाटली, स्वेटर!" वर्गातली आणखी दोघं पोरं त्याच्यासोबत ओरडतात म्हणे.

आता अवघड भाग. एकदा तो कंपासपेटी घरी विसरला आणि त्या दिवशी भूमितीचा तास होता. मी दारात उभा होतो, एका हातात पेटी, दुसऱ्या हातात गाडीची किल्ली. दहा मिनिटांचं काम. मी किल्ली टेबलावर ठेवली, पुन्हा उचलली, पुन्हा ठेवली. बायको म्हणाली, "जायचं तर जा, पण उद्यापासून पेटी तुझ्या दप्तरात ठेव." नाही गेलो. दिवसभर कामात लक्ष नव्हतं. तो घरी आला तो एकदम मजेत. शेजारच्याची पट्टी घेतली होती, वर्तुळ बाटलीच्या झाकणाभोवती पेन्सिल फिरवून काढलं होतं आणि बाईंनी वहीत लाल शेरा दिला होता. मी "बघ, सांगत होतो ना" हे वाक्य गिळलं. फार अवघड असतं ते गिळणं, आणि सगळी मेख तिथेच आहे. पेटी न नेल्याचा त्रास पेटीनेच दिला पाहिजे. आपण मध्ये बोललो की त्याचा राग पेटी सोडून आपल्यावर येतो.

हे सगळीकडे ताणू नकोस मात्र. चष्मा, औषध, थंडीतला स्वेटर, घराची किल्ली यांवर धडे द्यायचे नाहीत, ते नेऊन द्यायचं. ग्रंथालयाचं पुस्तक किंवा मित्राची वस्तू हरवली तर त्यात तिसऱ्याचं नुकसान आहे. तिथे सोबत जायचं, पण "हरवलं" हे त्याने स्वतःच्या तोंडाने सांगायचं. आणि लगेच नवं आणायचं नाही. डझनभर खोडरबरं असलेल्या मुलाला एक हरवल्याचा पत्ताही लागत नाही. नवी बाटली येईपर्यंत आमच्याकडे जुनी, पोचे पडलेली बाटली चालते. ती शिक्षा म्हणून देत नाही, घरात दुसरी नसते म्हणून देतो.

वस्तू सांभाळल्या तर बक्षीस द्यावं, असं तू म्हणत होतास. आम्हीही चांदण्यांचा तक्ता लावला होता. तीन आठवडे उत्तम, मग धाकटा विचारायला लागला, "डबा आणला तर किती चांदण्या?" 1973 मध्ये अमेरिकेत बालवाडीतल्या मुलांवर एक प्रयोग झाला होता. चित्रं काढायची मुळात आवड असलेल्या मुलांना आधीच बक्षीस कबूल केलं, तर नंतर बक्षीस नसताना ती इतर मुलांपेक्षा कमी वेळ चित्रं काढायला लागली. आता डबा घरी आणणं ही काही कुणाची आवड नसते, त्यामुळे ते इथे जसंच्या तसं लागू नाही. पण आमचा तक्ता मी उतरवला. चांदण्या मोजण्याचं कामही शेवटी माझ्याच गळ्यात पडलं होतं!

दुरुस्तीचा मात्र खूप उपयोग झाला. थोरलीच्या दप्तराचा पट्टा उसवला तेव्हा मी तिला सुई-दोरा दिला. वेडेवाकडे टाके, मध्ये एकदा बोटात सुई. ते दप्तर ती अजून वापरते आणि धाकट्याला हात लावू देत नाही.

आणि एक गंभीर गोष्ट, तुझ्या मुलाचं तसं असेल असं मला वाटत नाही. काही मुलं घरी, शाळेत, सगळीकडे, महिनोन् महिने वस्तू हरवत राहतात आणि सोबत लक्ष लागत नाही, कामं अर्धवट राहतात असंही दिसतं. तेव्हा ओरडण्याऐवजी बालरोगतज्ज्ञांशी बोलावं. नुसत्या बाटल्या हरवण्यावरून काही ठरत नाही.

तर सुरुवात कुठून करशील? पोराला आज काही सांगू नकोस. आठवडाभर नुसतं मोज, त्याच्या किती वस्तू तू उचलतोस, शोधतोस, आठवण करून देतोस. मी मोजल्या होत्या. आकडा तुला सांगणार नाही, वहिनी ऐकतील.

आता छत्रीचं. मागच्या खेपेला तू आमच्याकडे विसरलास ती काळी, मोडक्या मुठीची. धाकट्याने ती दाराजवळच्या त्याच्या खुंटीवर टांगली आहे आणि तिला चिठ्ठी बांधली आहे: "काकांची आहे. कुणी घेऊ नये. काका विसरतात." कुरियरने पाठवू का विचारलं, तर म्हणाला, नको, त्यांची त्यांनाच न्यायला येऊ दे.

कधी येतोस?

तुझा,
बाकावरचा जुना सोबती