जागे राहिल्याबद्दल

प्रिय सहप्रवासी,

स. न. वि. वि.

गेल्या महिन्यात मुंबईहून इंदूरला येणाऱ्या सकाळच्या विमानात तुम्ही माझ्या शेजारी बसला होतात. तुम्ही नाव सांगितले होते, पण इंजिनाच्या आवाजात ते मला नीट ऐकू आले नाही आणि पुन्हा विचारण्याइतका मी तेव्हा भानावर नव्हतो. म्हणून हे पत्र असे सर्वांसमक्ष लिहीत आहे. ते तुमच्यापर्यंत पोहोचो न पोहोचो, लिहिल्यावाचून मला राहवत नाही.

पीथमपूरच्या एका कारखान्याच्या विक्री विभागात मी काम करतो आणि गेली अठरा वर्षे महिन्यातून तीन-चार वेळा विमानाने जातो-येतो. सवयीने भीती मोडते असे सगळे म्हणतात. माझी मात्र सवयीबरोबर वाढत गेली. सात वर्षांपूर्वी मे महिन्यात दिल्लीहून येताना इंदूरवर वळवाचे वादळ होते, विमान दोनदा धावपट्टीजवळ येऊन पुन्हा वर गेले आणि शेवटी भोपाळला उतरले. कोणाला साधे खरचटलेही नाही, पण त्या दिवसापासून प्रत्येक सुखरूप प्रवास माझ्या शिल्लकीतून एकेक वजा होत आहे, असे काहीसे मनाने घेतले. आधी फक्त उड्डाणाच्या वेळी तळहात ओले व्हायचे, मग ते बोर्डिंगच्या रांगेतच होऊ लागले, आणि पुढे तर एरोड्रम रोडवरून जाताना विमानतळाजवळची बिजासन टेकडी जवळ आली की पोटात गोळा येऊ लागला. १२ जून २०२५ रोजी अहमदाबादला विमान कोसळले, त्यातल्या २४२ जणांपैकी एकच वाचला, आणि मी विमानाने जाणे बंदच केले. मुंबईला अवंतिका एक्स्प्रेसने जाऊ लागलो, बेंगळुरूच्या बैठका टाळू लागलो, ऑफिसात खोटी कारणे देऊ लागलो.

या काळात मी मदत मागितली नाही असे नाही. एका डॉक्टरांनी माझे बोलणे पुरे होण्याआधीच झोपेची गोळी लिहून दिली. एका विमान कंपनीच्या काउंटरवर मी पंखाजवळची सीट मागितली, कारण तिथे हेलकावे कमी जाणवतात असे वाचले होते, तर तिथल्या कर्मचाऱ्याने मान वर न करता ‘सगळ्या सीट सारख्याच असतात’ एवढेच उत्तर दिले. मित्रांनी रस्त्यावरच्या अपघातांचे आकडे ऐकवले. ते आकडे मला पाठ होते. आकडे पाठ असूनही छाती धडधडते, हेच तर मी सांगत होतो. ‘घाबरू नका’ हे दोन शब्द मी इतक्या तोंडांतून ऐकले की ते ऐकले तरी मला राग यायचा. माणूस घाबरलेला आहे हे दिसत असताना त्याला घाबरू नका म्हणणे म्हणजे त्याच्याशी बोलणे संपवणेच असते, आणि ती मंडळी तेच करत होती.

त्या दिवशी दुपारी इंदूरला आईच्या मांडीच्या हाडाची शस्त्रक्रिया होती, त्यामुळे रेल्वेचा पर्याय नव्हता. बाहेर धो धो पाऊस. मी दोन्ही हातांनी सीटचे हात धरून बसलो होतो आणि तुम्ही विचारलेत, “काका, नेमकी कशाची भीती वाटते?” अठरा वर्षांत मला हे कोणी विचारले नव्हते. मी म्हणालो, वर गेल्यावर मिनिटभरात इंजिनाचा आवाज एकदम कमी होतो आणि विमान खाली बसल्यासारखे वाटते, त्या क्षणाची. तुम्ही हसला नाहीत. उड्डाणाची पूर्ण ताकद पाच मिनिटांपुरतीच वापरायची मुभा असते, म्हणून पुरेशी उंची आली की ती मुद्दाम कमी करतात. विमान वरच जात असते, फक्त चढण्याचा जोर कमी झाला की आपल्या शरीराला ते पडल्यासारखे वाटते, असे तुम्ही सांगितलेत. मग विमान सुटल्यावर तुम्ही बोट वर करून आधीच सांगत गेलात: आता खालून धडधड होईल, ती चाके आत जाण्याची, आता आवाज उतरेल. आणि तो उतरला. कित्येक वर्षांत पहिल्यांदाच मी त्या क्षणी डोळे उघडे ठेवले होते.

तेव्हा मला तुमचा तो हात दिसला. बोटांच्या पेरांवरच्या रेघांत काळे ग्रीस बसलेले होते, घासून घासून धुतल्यावरही न निघणारे, आणि बाहीला रॉकेलसारखा वास येत होता. तुम्ही विमानांच्या देखभालीचे इंजिनिअर आहात आणि रात्रपाळी संपवून थेट घरी निघाला आहात, हे मग कळले. विमाने रात्री जमिनीवर असतात तेव्हा तुमचे काम सुरू होते. मी तुम्हाला माझ्या शिल्लकीचा हिशेब सांगितला, जो मी घरीसुद्धा कधी सांगितला नव्हता. तुम्ही थोडा विचार केलात आणि म्हणालात, “काका, तशी शिल्लक नसते. रोजची तपासणी रोज नव्यानं होते. कालचं विमान नीट उतरलं म्हणून आज कोणी सही करत नाही. नाजूक काम असेल तर एकानं केलेलं दुसरा पुन्हा तपासतो.” सातपुड्यावर ढगांत विमान हादरू लागले, खिडकीतून पंख वरखाली होताना दिसला, तेव्हा तुम्ही सांगितलेत की पंख लवचिक असतो म्हणूनच टिकतो, आणि उड्डाणात जास्तीत जास्त जेवढा भार येऊ शकतो त्याच्या दीडपट भार सोसून दाखवल्याशिवाय त्या जातीच्या विमानाला उडण्याची परवानगीच मिळत नाही.

पण आभार मानायचे आहेत ते या माहितीसाठी नव्हे. हादरे थांबल्यावर तुमच्या पापण्या मिटत होत्या. डोळे लाल होते, रात्रभर तुम्ही जागे होतात. झोपी गेला असतात तरी त्यात काहीच वावगे नव्हते. तरीही तुम्ही माझ्याकडे वळून विचारलेत, “मी जरा डोळे मिटू का? की जागा राहू?”

मी म्हणालो, जागे राहा. आणि तुम्ही सीटची पाठ सरळ केलीत, पाण्याचा घोट घेतलात आणि उरलेला सगळा वेळ जागे राहिलात. त्यानंतर फारसे बोललातही नाहीत. एका अनोळखी माणसासाठी आपली हक्काची झोप बाजूला ठेवताना त्याच्यावर उपकार केल्याचा भाव तुमच्या चेहऱ्यावर नव्हता, मला ओशाळे वाटेल असे एक अक्षरही तुम्ही उच्चारले नाहीत. असा भलेपणा मी माझ्या आजोबांच्या पिढीत पाहिला होता. आमच्या लोकमान्य नगरात कोणाच्या घरी आजारपण असले की शेजारचे कोणीतरी न सांगता ओट्यावर येऊन बसायचे, काही करायचे नाहीत, नुसते बसायचे. ते मला त्या सीटवर आठवले, आणि तशी माणसे अजून आहेत या जाणिवेने मला भरून आले.

खाली इंदूरजवळचा यशवंत सागर तलाव दिसला तेव्हा तुम्ही एवढेच म्हणालात की पावसात विमान जरा आपटूनच टेकवतात, ओल्या धावपट्टीवर चाक पाण्यावरून घसरू नये म्हणून. आपटले. मी घाबरलो नाही असे म्हणणार नाही, पण मला ते आधीच ठाऊक होते.

आईची शस्त्रक्रिया नीट झाली, ती आता काठी घेऊन चालते. मी त्यानंतर दोनदा विमानाने गेलो. तळहात अजून ओले होतात, पण तो आवाज उतरतो तेव्हा मी बोट वर करतो. त्या दिवशी विमानतळाबाहेर तुम्हाला गाठून नीट आभार मानावेत म्हणून मी पावसात घाईघाईने तुमच्या मागे आलो होतो. तुम्ही टॅक्सीत बसला होतात. गाडी अजून सुटलीही नव्हती, पण काचेला डोके टेकवून तुम्ही गाढ झोपला होतात, म्हणून मी काच वाजवली नाही.

आपला ऋणी,
खिडकीजवळच्या सीटवरचा काका,
लोकमान्य नगर, इंदूर