दोष कुणाचा? सुहासला पत्र

त्रेंतो, इटली
१२ मे

प्रिय सुहास,

तुझं पत्र मिळालं. सप्टेंबरमध्ये येतोयस, फार आनंद झाला. पण शेवटी तू लिहिलेलं एक वाक्य डोक्यातून जाईना. "जंगल अस्वलाचं आहे. माणूस तिथं गेला आणि मारला गेला, तर चूक माणसाचीच." काल्देसच्या त्या मुलाबद्दल वाचून तू हे लिहिलंस. मला ते अजिबात पटलेलं नाही आणि का, ते नीट सांगितल्याशिवाय मला चैन पडणार नाही.

तो कुठं गेला होता ते आधी ऐक. ५ एप्रिल २०२३ ची गोष्ट. मुलगा २६ वर्षांचा, व्हाल दी सोलेच्या खोऱ्यातल्या काल्देस गावचाच. गावाजवळच्या पेल्लेर डोंगरावर पळायला गेला आणि परत आला नाही. पिल्लं बरोबर असलेल्या मादीनं त्याला मारलं. अलीकडच्या काळात इटलीत अस्वलानं माणूस मारल्याची ही पहिलीच घटना. तो कुठल्या दूरच्या अरण्यात साहस करायला गेला नव्हता. त्याच्या गावाचा डोंगर होता तो.

आपल्या मेळघाटात मोहफुलं वेचायला बाया पहाटे अंधारातच निघतात. अस्वलालाही मोहफुलं आवडतात, तेही त्याच वेळी त्याच झाडाखाली येतं. अशा बाईवर हल्ला झाला तर "तिचीच चूक" असं तू म्हणशील? तू म्हणणार नाहीस, मला ठाऊक आहे. मग इथल्या मुलाला वेगळा न्याय का? तो पोटासाठी नाही, हौसेसाठी पळत होता म्हणून?

आणि "जंगल अस्वलाचं" हेही इथं इतकं सरळ नाही. विसाव्या शतकाच्या शेवटी या डोंगरांत अस्वलं नावापुरती उरली होती, शिकारीनं संपवलेली. मग युरोपीय संघाच्या पैशातून 'लाइफ उर्सुस' नावाचा प्रकल्प झाला. १९९९ ते २००२ या काळात स्लोव्हेनियातून दहा अस्वलं आणून ब्रेंताच्या डोंगरांत सोडली. त्याआधी १९९७ मध्ये पाहणी करून इथल्या लोकांची मतं घेतली, तर सत्तर टक्क्यांहून जास्त लोक हो म्हणाले. चांगलं काम होतं ते, मी आजही तसंच म्हणेन. संपलेला प्राणी परत आणायला मोठं मन लागतं. पण हा मुलगा तेव्हा जेमतेम वर्षाचा असेल. १९९७ चा होकार पुढच्या पिढीला आपोआप लागू होत नाही. तिला पुन्हा विचारावं लागतं, निदान शिकवावं तरी लागतं.

अस्वलं आल्प्समध्ये दूरवर पसरतील असा तेव्हाचा अंदाज होता. नर भटकतात खरे. एक तर २००६ मध्ये थेट जर्मनीत, बव्हेरियात पोचला आणि तिथं त्याला गोळी घातली. पण माद्या आईच्या मुलखाजवळच राहतात, त्यामुळे आमच्या त्रेंतिनो प्रांताच्या पश्चिम भागातच गर्दी होत गेली. आज शंभराच्या आसपास अस्वलं आहेत, आणि तीही गावं, सफरचंदाच्या बागा आणि पायवाटा यांच्या अधेमधे.

आता त्या मादीबद्दल. कागदोपत्री तिचं नाव जेजे४. बव्हेरियात मारला गेलेला तो नर तिचा सख्खा भाऊ. जून २०२० मध्ये याच पेल्लेर डोंगरावर तिनं एका बाप-लेकावर हल्ला केला होता, दोघेही जखमी झाले. तिला मारायचा आदेश निघाला, प्राणिमित्र संस्था न्यायालयात गेल्या, आदेश थांबला. ती कुठं आहे ते कळवणारा रेडिओ पट्टा गळ्यात होता, पण २०२३ च्या त्या एप्रिलमध्ये तो बंद पडलेला होता. सुहास, इथंच माझा जीव अडकतो. मारा किंवा मारू नका यावर अधिकारी, वकील, संस्था भांडत राहिले. पण जिवंत ठेवायचं ठरलं तर तिच्यावर लक्ष ठेवणंही आलं ना? ती कुठं फिरते ते रोज पाहणं, पिल्लं असताना वाट बंद करणं, गावात तसं सांगणं. ही कामं कंटाळवाणी आहेत, त्यांतून कुणाला मतं मिळत नाहीत आणि देणग्याही मिळत नाहीत. म्हणून ती झाली नाहीत, असं माझं स्पष्ट मत आहे.

त्या मुलाच्या आईनं तेव्हा जे सांगितलं ते मी विसरू शकत नाही. दोष माझ्या मुलाचा नाही, अस्वलाचाही नाही, हे सगळं वाईट रीतीनं हाताळणाऱ्यांचा आहे, असा तिच्या बोलण्याचा आशय होता. पोटचा मुलगा गेल्यावर इतका न्यायाचा विचार ती करू शकली. मग दूर बसलेल्या आपण तरी घाईनं निवाडा का करावा?

त्यानंतर काय झालं? २०२४ मध्ये प्रांतानं वर्षाला आठपर्यंत अस्वलं मारायला परवानगी देणारा कायदा केला. त्याच वर्षी जुलैमध्ये द्रो गावाजवळ दुसऱ्या एका मादीनं एका फ्रेंच पर्यटकावर हल्ला केला आणि तिला ठार केलं. तिच्याबरोबरही पिल्लं होती. धोकादायक ठरलेलं एखादं अस्वल हटवावं लागतं, हे मला मान्य आहे. पण आकडा आधी ठरवायचा आणि अस्वलाला उघडता न येणाऱ्या कचरापेट्यांची, पाट्यांची, वनरक्षकांची गोष्ट मागे ठेवायची, हे मला मान्य नाही.

चालणाऱ्यांचा वाटाही आहेच, तो मी लपवणार नाही. मोकाट सोडलेला कुत्रा अस्वलाला डिवचतो आणि घाबरून मालकाकडेच पळत येतो. फोटोसाठी पुढे सरकणारे, पिल्लू दिसलं की जवळ जाणारे लोक मी पाहिलेत आणि त्यांना जोरात अडवलंही आहे. बहुतेक हल्ले अचानक अगदी समोरासमोर आल्यामुळे होतात, त्यात मादीबरोबर पिल्लं असली की जास्तच. माणसाची चाहूल आधी लागली तर अस्वल बहुधा स्वतःच बाजूला होतं.

म्हणून तू आलास की कानात काही न घालता चालायचं, वळणावर आणि झऱ्याच्या आवाजाजवळ मोठ्यानं बोलायचं, अंधार पडायच्या आत खाली यायचं. दिसलंच तर पळायचं नाही, तोंड त्याच्याकडे ठेवून हळूहळू मागे सरायचं. खाण्याचा कण वाटेवर टाकायचा नाही. तुझ्या आवाजाची पट्टी बघता मोठ्यानं बोलायची अट सोपी आहे.

तिकीट व्हेरोनाचं काढ, तिथून रेल्वेनं तासाभरात त्रेंतोला पोचशील. वहिनी येणार असतील तर लवकर कळव, डोंगरातल्या मुक्कामाच्या जागा सप्टेंबरमध्येही भरतात. आणि वरच्या सगळ्यावर तुझं काय म्हणणं आहे ते फोनवर नको, पत्रातच लिही. काकांना माझा नमस्कार सांग.

तुझा,
अविनाश