अंदमान सहलीच्या माहितीपुस्तिकेतील चुकीच्या व अपुऱ्या माहितीबाबत तक्रार

प्रति,
व्यवस्थापक, ग्राहक सेवा विभाग

विषय : प्रवाशांना दिलेली सुरक्षिततेची आणि इतिहासाची माहिती दुरुस्त करण्याबाबत

महोदय,

गेल्या महिन्यात आपल्या कंपनीच्या अंदमान सहलीत मी, माझी पत्नी, ११ वर्षांची मुलगी आणि ७८ वर्षांचे वडील असे आम्ही चौघे सहभागी झालो होतो. राहण्याची, जेवणाची आणि गाड्यांची व्यवस्था चोख होती आणि त्याबद्दल माझी काहीही तक्रार नाही. तक्रार आहे ती नोंदणीनंतर आपण पाठवलेल्या माहितीपुस्तिकेबद्दल, कारण तिच्यावर विसंबूनच आम्ही कुठे जायचे, काय टाळायचे आणि मुलीला काय सांगायचे हे ठरवले होते.

पुस्तिकेत ‘अंदमानचे सर्व किनारे पोहण्यासाठी पूर्णपणे सुरक्षित’ असे ठळक अक्षरांत छापले आहे. चौथ्या दिवशी मोकळ्या वेळात आम्ही ज्या किनाऱ्यावर गेलो, त्याच्या एका टोकाला खाडीचे तोंड आहे. मुलगी घोटाभर पाण्यातून शिंपले वेचत त्या दिशेने निघाली होती, तेवढ्यात जीवरक्षक शिट्टी वाजवत धावत आला आणि त्याने तिचा हात धरून तिला मागे आणले. तिथून वीसेक पावलांवर मगरीचे चित्र असलेला फलक होता, पण उन्हाने त्याचा रंग इतका उडाला होता की जवळ गेल्याशिवाय तो वाचता येत नव्हता. खाऱ्या पाण्यातील मगरी अंदमानच्या खाड्यांत आणि खारफुटीत राहतात आणि समुद्रातूनही पोहत जातात. २०१० साली हॅवलॉक बेटावर, म्हणजे आजच्या स्वराज द्वीपावर, एका परदेशी पर्यटक तरुणीचा मगरीच्या हल्ल्यात मृत्यू झाला होता. सगळेच किनारे धोक्याचे आहेत असे माझे म्हणणे नाही. कोणत्या किनाऱ्यावर जीवरक्षक असतात, खाडीच्या तोंडाशी का उतरू नये आणि लाल झेंड्याचा अर्थ काय, एवढ्या चार ओळी छापल्या असत्या, तर तो प्रसंग आमच्यावर आला नसता.

बाराटांग बेटाच्या दिवसाच्या कार्यक्रमात ‘वाटेत जारवा आदिवासींच्या दर्शनाची संधी’ असे लिहिले आहे, ते मला सर्वांत जास्त खटकले. जिरकाटांग या तपासणी नाक्यापासून पुढे रस्ता जारवांच्या राखीव क्षेत्रातून जातो, म्हणून गाड्या ताफ्यानेच सोडल्या जातात. वाटेत थांबणे, फोटो काढणे, खायला देणे या सगळ्याला मनाई आहे आणि १९५६ च्या आदिम जमाती संरक्षण विनियमात २०१२ साली दुरुस्ती करून शिक्षा अधिक कडक केलेली आहे. आपली पुस्तिका वाचून आलेल्या एका सहप्रवाशाने मोबाइल काचेला लावला, तेव्हा चालकाने त्याला थांबवले. तो चालक गप्प राहिला असता, तर गुन्हा आपल्या प्रवाशाच्या हातून झाला असता. बाहेरच्या माणसांशी संपर्क वाढल्यानंतर १९९९ आणि २००६ मध्ये जारवांमध्ये गोवराची साथ आली होती, म्हणजे ही बंदी म्हणजे नुसती कागदी औपचारिकता नव्हे. माणसांना प्रेक्षणीय स्थळांच्या यादीत घालणे ही चूक कोणत्याही कंपनीला शोभणारी नाही.

आता इतिहासाबद्दल. ‘१८५७ च्या क्रांतिवीरांना याच सेल्युलर जेलमध्ये डांबण्यात आले’ हे पुस्तिकेतील वाक्य माझ्या मुलीने वहीत उतरवून घेतले होते. जेलच्या अंगणात बाकावर बसून वडिलांनी ती वही मांडीवर घेतली आणि ते वाक्य खोडून त्यावर १८९६ ते १९०६ ही बांधकामाची वर्षे लिहिली. १८५७ च्या उठावानंतर पहिले बंदिवान मार्च १८५८ मध्ये अंदमानला आणले गेले, त्या वेळी हा तुरुंग नव्हताच. त्यांना जंगल तोडायला जुंपले गेले आणि त्यांच्या हालअपेष्टा उघड्या रानात झाल्या. पुस्तिकेतील एका वाक्याने ती जवळजवळ चाळीस वर्षे पुसून टाकली आहेत. ‘सात इमारतींचा भव्य तुरुंग पाहा’ असेही त्यात आहे; प्रत्यक्षात सातपैकी तीनच उरल्या आहेत. मधल्या मनोऱ्यापासून चाकाच्या आऱ्यांसारख्या निघालेल्या या इमारती अशा बांधल्या होत्या की एकीच्या कोठड्यांचे तोंड दुसरीच्या पाठीकडे यावे आणि बंदिवानांना एकमेकांचे चेहरेही दिसू नयेत. तिथे उभे राहिल्यावर माणसाला कळायला हवे ते हे, आणि नेमके त्याबद्दल पुस्तिकेत एक अक्षरही नाही.

दुसऱ्या महायुद्धात अंदमान जपानच्या ताब्यात होते, त्या काळाबद्दलही तसेच आहे. ३० डिसेंबर १९४३ रोजी नेताजींनी पोर्ट ब्लेअरमध्ये तिरंगा फडकवल्याचा उल्लेख आपण केला आहे आणि तो योग्यच आहे. परंतु त्यानंतर महिनाभराने, ३० जानेवारी १९४४ रोजी, होमफ्रेगंज येथे जपानी सैन्याने ४४ स्थानिक नागरिकांना गोळ्या घातल्या, ही गोष्ट पूर्णपणे गाळली आहे. बेटावरच्या माणसांनी काय सोसले ते वगळून फक्त अभिमानाचा भाग सांगणे म्हणजे अर्धाच इतिहास सांगणे होय.

माझी मागणी पैसे परत मिळण्याची नाही. ही पुस्तिका तातडीने मागे घ्यावी, ज्यांची सहल अद्याप व्हायची आहे अशा प्रत्येक प्रवाशाला किनाऱ्यांविषयीची आणि जारवा क्षेत्राविषयीची दुरुस्ती लेखी कळवावी, आणि नवी आवृत्ती इतिहासाच्या जाणकाराकडून तपासून घेतल्याशिवाय छापू नये. यांपैकी पहिल्या दोन गोष्टींना उशीर चालणार नाही, कारण पुढची तुकडी कदाचित त्याच खाडीपाशी उभी असेल.

पुस्तिकेच्या संबंधित पानांच्या प्रती आणि त्या फलकाचे छायाचित्र सोबत जोडले आहे. १५ दिवसांत लेखी उत्तर न मिळाल्यास ग्राहक संरक्षण कायदा, २०१९ अन्वये दिशाभूल करणाऱ्या जाहिरातीची तक्रार मला ग्राहक आयोगाकडे दाखल करावी लागेल.

आपला,
एक प्रवासी ग्राहक