मर्सर एलिंग्टनला एका ओळीत उडवलंत

संपादक साहेब, नमस्कार.

रविवारच्या पुरवणीतला अमेरिकन जॅझ संगीतकार आणि बँडप्रमुख ड्यूक एलिंग्टनवरचा लेख आवडला, १९६३ ला तो बँड घेऊन मुंबईत आला होता त्याचाही उल्लेख आहे ते बरं झालं. फक्त शेवटी मुलाबद्दल जे लिहिलंय, की मर्सरही ट्रम्पेट वाजवायचा पण वडिलांची उंची काही गाठू शकला नाही, ते खटकलं. अहो ती उंची गाठली कोणी?

ट्रम्पेटवाला म्हणून मर्सर साधारणच, मान्य. पण १९४१ साल बघा. अमेरिकेत रेडिओवाले आणि अ‍ॅस्कॅप नावाची गीतकार-संगीतकारांची संघटना यांचं रॉयल्टीवरून वाजलं आणि जानेवारीपासून संघटनेच्या मेंबरांची गाणी रेडिओवर बंद झाली. ड्यूक मेंबर, त्यामुळे त्याला रेडिओवर स्वतःचीच गाणी वाजवायची चोरी! तेव्हा ड्यूकचा जोडीदार संगीतकार बिली स्ट्रेहॉर्न आणि जेमतेम एकविशीतला मर्सर कामाला आले, कारण दोघंही मेंबर नव्हते, आणि त्यांनी धडाधड नवीन माल लिहून दिला. 'थिंग्ज एन्ट व्हॉट दे यूज्ड टू बी', 'ब्लू सर्ज', 'जंपिन पंकिन्स' या सगळ्यांवर मर्सरचं नाव आहे. 'टेक द ए ट्रेन' हे स्ट्रेहॉर्नचं, पण त्याने ते कचऱ्यात टाकलेलं आणि मी उचलून बाहेर काढलं असं मर्सर सांगायचा (सांगणारा तोच आहे, तेव्हा किती धरायचं ते तुम्ही ठरवा).

मग स्वतःचे बँड काढले, मोडले, रेकॉर्ड कंपनी केली, रेडिओवर डीजेगिरी केली, आणि १९६५ ला परत वडिलांकडे, ट्रम्पेट प्लस रोड मॅनेजर. ही नोकरी कोणाला ग्लॅमरस वाटणार नाही. प्रवास, हॉटेलं, पैशाचे हिशोब, आणि मुख्य म्हणजे एकेक नग वादक वेळेत स्टेजवर आणून बसवणं, तेही अशा लोकांना ज्यांनी तुम्हाला हाफ पँटीत पाहिलंय. सॅक्सोफोनवाला हॅरी कार्नी १९२७ पासून बँडमधे होता, तेव्हा मर्सर आठ वर्षांचा! अशा माणसाला 'चला, उठा' कसं म्हणायचं सांगा.

खरी परीक्षा १९७४ ची. १५ मे ला बँडमधला दुसरा सॅक्सोफोनवाला पॉल गोन्साल्विस गेला (आडनावावरून आपल्याला गोव्याचा वाटतो, पण त्याचे आईवडील केप व्हर्दचे), २४ मे ला ड्यूक गेला आणि ऑक्टोबरात कार्नी. दुसऱ्या कोणी बँडला कुलूपच लावलं असतं. मर्सरने अंत्यविधी उरकून लगेच बर्म्युडाचा ठरलेला कार्यक्रम केला आणि पुढे १९९६ मधे स्वतः जाईपर्यंत बँड चालवला. मधे १९८१ ला ब्रॉडवेवर ड्यूकच्या गाण्यांवरच्या 'सॉफिस्टिकेटेड लेडीज' या संगीत-नृत्याच्या शोचं कंडक्टिंग केलं, १९८८ ला वडिलांचे कागद, स्वरलिपी वगैरे सगळं वॉशिंग्टनच्या स्मिथसोनियन संग्रहालयाला गेलं तेही त्याच्याकडून. आज ड्यूकवर अभ्यास करणारे तिथेच जातात. ग्रॅमी पण मिळालं, त्या अल्बमचं नाव मात्र 'डिजिटल ड्यूक', म्हणजे तिथेही वडीलच!

तेव्हा जागा असेल तर मर्सरवर एक वेगळा लेख येऊ द्या, आणि लेखकांना सांगा की १९६५ ते ७४ ही वर्षं जरा सविस्तर लिहा, ट्रम्पेटचं दोन ओळीत आटपलं तरी चालेल.

आपला,
एक नियमित वाचक, ठाणे