आईला गोळ्यांची भीती घालवून देणाऱ्या डॉक्टरांस

आदरणीय डॉक्टर मॅडम,
सप्रेम नमस्कार.

दीड वर्षापूर्वी आईला तुमच्याकडे आणलं, तेव्हा तिने महिनाभर मेटफॉर्मिन ही शुगरची गोळी बंद ठेवलेली होती. मलाही पत्ता नव्हता. 'शुगरच्या गोळ्यांनी किडनी जाते' असं कुणीतरी तिच्या डोक्यात भरवलं होतं. तुम्ही रागावला नाहीत. खुर्ची तिच्याकडे वळवून तिलाच समजावलंत: ही गोळी किडनी बिघडवत नाही, किडनी बिघडते ती वाढलेल्या साखरेने आणि रक्तदाबाने. गोळी लघवीवाटे बाहेर पडते, किडनी मंदावली तर अंगात साठू लागते, म्हणून डोस किडनीची ताकद बघून ठरवायचा. त्या दिवसापासून तिने एकही गोळी चुकवलेली नाही.

क्रिएटिनिन, म्हणजे किडनी रक्तातून बाहेर टाकते तो टाकाऊ पदार्थ, १.२ होतं. रिपोर्टात ते नॉर्मलमध्येच बसत होतं आणि आम्ही त्यावर निर्धास्त होतो. तुम्ही तिचं ६२ वय धरून ईजीएफआर, म्हणजे किडनी किती गाळते याचा अंदाज, काढून दाखवलात: ५१, म्हणजे कमीच. मग लघवीतलं अल्ब्युमिन, म्हणजे किडनीतून गळणारं प्रथिन, तपासायला लावलंत. ३० च्या आत हवं, ते १८० निघालं. तरी घाईने निदान केलं नाहीत, तीन महिन्यांनी दोन्ही तपासण्या पुन्हा करून घेतल्यात. गुडघ्यांसाठी काय घेता, हेही विचारलंत. आईने पर्समधून पेनकिलरची स्ट्रिप काढली, किडनीला त्रास देऊ शकणारी. इतक्या वर्षांत हे तिला कुणी विचारलंच नव्हतं!

मेटफॉर्मिन चालू राहिली. ईजीएफआर ४५ च्या खाली गेला तर डोस कमी करू, ३० च्या खाली गेला तर बंद, हे तुम्ही तेव्हाच सांगून ठेवलंत. जोडीला डापाग्लिफ्लोझिन ही किडनीलाही जपणारी शुगरची गोळी दिलीत. पुढच्या रिपोर्टात आकडा ४७ वर आला आणि मी घाबरून रात्री फोन केला. सुरुवातीला एवढा उतार येतोच, किडनीतल्या गाळण्यांवरचा दाब कमी होतोय, गोळी थांबवू नका, असं तुम्ही शांतपणे सांगितलंत. तो फोन उचलला नसतात तर मी गोळी नक्की बंद केली असती. आज वर्षभराने आकडा ४८ आहे, अल्ब्युमिन ७० वर आलंय.

उलट्या-जुलाब झाले तर या दोन्ही गोळ्या थांबवून आधी विचारा, हा तुमच्या हातचा कागद फ्रिजवर चिकटवलाय. मागच्या पावसाळ्यात आईने तो स्वतः वाचून मला फोन करायला लावला.

पुढची तपासणी येत्या महिन्यात आहे. तारीख तिनेच कॅलेंडरवर लिहून ठेवलीय.

मनापासून आभार.

आपली,
तुमच्या पेशंटची मुलगी