आईच्या उजव्या कानाशी बसलेल्या हवालदार मॅडमना

हवालदार मॅडम,
स. न. वि. वि.

तुमचं नाव लिहीत नाही. "नाव छापून आलं की साहेब आधी मलाच विचारतात," असं तुम्ही म्हणाला होतात. पण वाचलंत तर ओळखाल. ठाण्यातली चाळ, पहिला मजला, मनगटाला प्लॅस्टर घातलेली ७१ वर्षांची आई, आणि ऐरोलीहून धावत आलेली, उगाच मध्ये मध्ये बोलणारी तिची लेक.

आमच्याकडे भांडण खोलीचं. चाळ क्लस्टर पुनर्विकासात जाणार अशी कुणकुण लागल्यापासून दादा आईच्या मागे लागला होता, सही कर म्हणून. प्यायला की मागण्याचं ओरडणं व्हायचं. पहिल्यांदा त्याने हात उगारला तेव्हा मीच तिला पोलीस स्टेशनला नेलं. दीड तास बाकावर. समोर चोरीत धरलेला एक पोरगा, तो आईकडे बघून हसत होता. मग एका साहेबांनी मान वर न करता सांगितलं, "आजी, मुलगाच ना तुमचा? घ्या समजून." एनसीचा, म्हणजे अदखलपात्र गुन्ह्याच्या नोंदीचा, कागद मिळाला. आईने तो घडी करून डाळीच्या डब्याखाली सरकवला आणि म्हणाली, "आता परत मला तिथे नेऊ नकोस."

म्हणूनच मनगट मोडल्यावर तिने हॉस्पिटलात 'न्हाणीत पडले' असं सांगितलं. डॉक्टरांना पटलं नाही. त्यांनी पोलिसांना कळवलं आणि दुसऱ्या दिवशी तुम्ही आलात, वर्दी न घालता.

जबाबासाठी बाईला पोलीस स्टेशनला यायची सक्ती करता येत नाही, हे भारतीय नागरिक सुरक्षा संहितेच्या कलम १७९ मध्ये आहे, असं नंतर वकीलबाईंनी सांगितलं. आम्हाला तेव्हा ते कुठलं ठाऊक! आम्हाला एवढंच दिसलं की तुम्ही पंखा बंद केलात, शेजारचा टीव्ही बंद करायला लावलात, आणि आईला डाव्या कानाने ऐकू येत नाही हे कळल्यावर उठून तिच्या उजवीकडे जमिनीवर मांडी घातलीत. चहासुद्धा तुम्हीच गाळलात, कारण माझे हात थरथरत होते.

लिहून झाल्यावर तुम्ही वाचून दाखवलंत: 'मुलाने मारहाण केली.' आई म्हणाली, "मारलं नाही गं. दंडाला धरून ढकललं. ओट्याच्या कडेला धरायला गेले आणि हात दुमडला." मी म्हटलं, अगं तेच ते. तुम्ही मला गप्प केलंत, ओळ खोडलीत, खोडल्याजागी तिची सही घेतलीत आणि तिचे शब्द जसेच्या तसे लिहिलेत. पुढे कोर्टात दादाच्या वकिलाने नेमकं तिथेच तिला पकडायला पाहिलं. कागदावरही दंड, ओटा आणि ढकलणंच होतं. तो खाली बसला.

मग तुम्ही सरळ सांगितलंत, "आजी, हात मोडलाय, गुन्हा दाखल होणारच. पण पुढे तुम्हाला काय हवंय?" आईला हे आजवर कुणी विचारलं नव्हतं, मीही नाही. ती म्हणाली, "जेल नको त्याला. मला रात्री आतून कडी लावून झोपू दे."

कौटुंबिक हिंसाचाराचा २००५चा कायदा फक्त सुनांसाठी आहे असंच मी समजत होते. आईही मुलाविरुद्ध अर्ज करू शकते, घर तिने सोडायचं नसतं, त्याला बाहेर जायला सांगता येतं, हे तुमच्याकडून कळलं. या कायद्यासाठी नेमलेल्या संरक्षण अधिकाऱ्यांना फोन तुम्ही लावलात. बाईला उत्पन्न न बघता सरकारी खर्चाने वकील मिळतो म्हणून विधी सेवा प्राधिकरणाचा पत्ताही दिलात. हे सगळं सांगणं पोलिसांचं कामच आहे, त्याच कायद्याच्या कलम ५ मध्ये तसं लिहिलंय. मग त्या पहिल्या दिवशी दीड तासात ते का सांगितलं गेलं नाही, हा राग माझ्या मनातून अजून जात नाही. तुम्ही भेटलात हे आमचं नशीब, पण असल्या कामात नशिबाची गरज का पडावी? बायकांना आणि म्हाताऱ्यांना बसायला दार लागणारी एक खोली, आणि प्रत्येक पाळीत कलम ५ तोंडपाठ असलेलं एक माणूस, एवढं झालं तरी पुष्कळ. विसर्जनाच्या दिवशी दादा दारात येऊन उभा राहिला तेव्हा तुम्ही तलावपाळीला बंदोबस्तात होतात. तरी फोन उचललात आणि गाडी पाठवलीत. नसता उचलला तर?

अर्ज पहिल्या सुनावणीपासून ६० दिवसांत निकाली काढायचा प्रयत्न करावा असं कायदा म्हणतो, आम्हाला साडेपाच महिने लागले. दादा आता कळव्याला भाड्याने राहतो. वहिनी आणि नात आईजवळच आहेत. दादाला ज्या कलमाखाली बाहेर जायला सांगितलं, त्या कलमात बाईला घराबाहेर काढायचा आदेश देताच येत नाही, आणि आईलाही ते नको होतं.

भिंतीवरच्या कॅलेंडरच्या पाठीमागे तुम्ही मोठ्या अक्षरात लिहून दिलेले नंबर अजून आहेत: रात्री-अपरात्री ११२, आणि सकाळी ८ ते रात्री ८ ज्येष्ठांसाठी १४५६७. वर्ष बदललं तेव्हा आईने ते पान कापून नव्या कॅलेंडरला टाचलं.

दाराला नवी कडी बसवलीय. लावल्यावर आई ती दोनदा ओढून बघते. तुमची बदली झाली असेल तर कुठे ते कळवा, तिला पुरणपोळ्यांचा डबा पाठवायचाय.

तुमची,
पहिल्या मजल्यावरच्या आजींची लेक