अंबाझरीच्या वर रिकामे बंधारे हवेत

संपादक महोदय,
सप्रेम नमस्कार.

23 सप्टेंबर 2023 च्या पहाटे नागपुरात काही तासांत शंभर मिलिमीटरहून अधिक पाऊस झाला, अंबाझरी तलाव ओसंडला आणि अंबाझरी ले-आउट, डागा ले-आउट, कॉर्पोरेशन कॉलनीतली घरे झोपेतच पाण्याखाली गेली. माणसे दगावली. तेव्हापासून सगळी चर्चा सांडव्याभोवती, म्हणजे तलावातले जादा पाणी बाहेर पडण्याच्या वाटेभोवती फिरते आहे. सांडव्यापुढचे विवेकानंद स्मारक, तलावाच्या पाळीची मजबुती, नाग नदीचे अरुंद झालेले पात्र हे विषय उच्च न्यायालयाच्या नागपूर खंडपीठापर्यंत गेले. ते सारे महत्त्वाचेच आहेत. पण लघुपाटबंधाऱ्याच्या कामांवर आयुष्य काढलेला माणूस म्हणून मला एक गोष्ट राहून राहून खटकते. तलावाच्या वरच्या अंगाला काय करायचे, हे कुणी विचारत नाही.

अंबाझरी हा 1870 चा, शहराला पाणी पुरवण्यासाठी बांधलेला मातीच्या पाळीचा तलाव. तो पाणी साठवण्यासाठी आहे, म्हणजे पावसाळा संपताना काठोकाठ भरलेला असणे हेच त्याचे काम. सप्टेंबरअखेर असा तुडुंब तलाव पूर थोपवू शकत नाही, वरून आले तेवढे जवळपास सगळे खाली जाते. पूर अडवायला रिकामी जागा लागते, आणि ती जागा लाव्हा-वाडीच्या बाजूला, जिथून नाग नदी येते, त्या नाल्यांवरच शोधावी लागेल.

माझी मागणी साधी आहे. या नाल्यांवर सहा-सात मीटर उंचीचे छोटे मातीचे बंधारे बांधावेत, तळाशी कायम उघडा पाइप ठेवावा, त्याला दरवाजा नसावा. रोजचे पाणी पाइपातून वाहत राहील. ढगफुटीसारखा पाऊस आला, की पाइपातून मावेल तेवढेच पुढे जाईल, उरलेले पाळीमागे काही तास थांबेल आणि मग सावकाश उतरेल. हिशेब पाहा. एक चौरस किलोमीटरवर शंभर मिलिमीटर पाऊस म्हणजे एक लाख घनमीटर पाणी. त्यातले काही मुरेल, पण काँक्रीट झालेल्या भागात फारसे नाही. हे पाणी तीन तासांत उतरले तर सेकंदाला सरासरी नऊ घनमीटरचा लोंढा होतो. तेच दिवसभरात सोडले तर सेकंदाला एक घनमीटरच्या थोडे वर. ते सगळे थोपवायला पाच हेक्टर जागा आणि सरासरी दोन मीटर खोली पुरते. अमेरिकेतल्या डेटन शहरात 1913 च्या महापुरानंतर याच तत्त्वावर मातीची पाच धरणे उभी राहिली. ती कितीतरी मोठी आहेत, पण त्यांनाही दरवाजे नाहीत, आणि पूर नसतो तेव्हा त्यांच्या मागच्या जमिनीवर शेती होते.

आपल्याकडे मातीचे धरण म्हटले की 12 जुलै 1961 चे पानशेत आठवते, अलीकडचे म्हणजे जुलै 2019 मधले चिपळूणजवळचे तिवरे. ही भीती रास्त आहे, म्हणूनच बांधकामाबद्दल थोडे सविस्तर लिहितो. मातीच्या पाळीवरून पाणी गेले की ती तासाभरातही कापली जाऊ शकते. म्हणून पाइप कितीही मोठा असला तरी बाजूला पक्क्या जमिनीत ऐसपैस सांडवा हवाच, आणि त्याच्या तोंडाशी पुतळा, कारंजे, पार्किंग असे काहीही कधीच येता कामा नये. दुसरे म्हणजे आपली काळी माती. हार्टिंगला, म्हणजे पाळीच्या आतल्या गाभ्याला ती उत्तम, पाणी धरून ठेवते. पण वर्षातले बहुतेक दिवस कोरड्या राहणाऱ्या बंधाऱ्यात ती उन्हाळ्यात भेगाळते आणि पहिल्याच मोठ्या पावसात पाणी त्या भेगांतून वाट काढते. त्यामुळे काळ्या मातीवर दोन्ही बाजूंनी आणि माथ्यावरही मुरुमाचे जाड आवरण हवे, खालच्या अंगाला वाळूचा गाळणथर आणि दगडी पायथा हवा. पाइपाभोवतीची माती तर हाताने, थराथराने ठोकून बसवली पाहिजे, कारण गळती बहुधा पाइपालगतच सुरू होते. पाळीवर झाडे नकोत, फक्त गवत. झाड मेले की मुळाच्या जागी पोकळ वाट उरते. हे वृक्षप्रेमींना आवडणार नाही याची मला कल्पना आहे, मला स्वतःला झाडे प्रिय आहेत, पण पाळ ही त्यांची जागा नव्हे.

मला खरी काळजी बांधकामानंतरची वाटते. 2021 चा धरण सुरक्षा कायदा पंधरा मीटरपेक्षा उंच धरणांना आणि काही अटींवर दहा ते पंधरा मीटरच्या धरणांना लागू होतो. हे बंधारे त्याच्या कक्षेत येणार नाहीत. मग पावसाळ्याआधी पाइपाच्या तोंडावरची जाळी साफ कोण करणार, गाळ कोण काढणार, उंदरा-घुशींची बिळे कोण बुजवणार? थर्माकोल आणि प्लास्टिकने तोंड बुजले की हाच बंधारा भरलेला तलाव होऊन बसतो. कामाच्या निविदेतच पुढच्या देखभालीचा खर्च आणि जबाबदार अधिकाऱ्याचे पद लिहिलेले असावे.

रिकाम्या बंधाऱ्यावर टीकाही होईल. पाणी अडवा, पाणी जिरवा हे ऐकत आपल्या पिढ्या वाढल्या, त्यामुळे कोरडी पाळ पाहून पैसे वाया गेले असे वाटणे स्वाभाविक आहे. उद्या कुणीतरी पाइपाला झडप लावून नौकाविहार सुरू करा म्हणेल. तसे केले तर पुराच्या दिवशी जागाच उरणार नाही. ती जमीन इतर दिवशी मुलांच्या खेळाला, गुरांच्या चराईला खुशाल वापरावी. पाणी एक-दोन दिवसांत उतरत असल्याने डासांचीही भीती नाही.

हे सगळे लगेच ठरवायला हवे, कारण वाडीकडच्या मोकळ्या जागा झपाट्याने ले-आउटमध्ये जात आहेत. एकदा भूखंड विकले गेले की बंधाऱ्याला जागा मिळणार नाही. बांधकामाला निधी मिळायला वेळ लागला तरी चालेल. पण पाणी जिथवर चढेल ती रेषा आताच मोजून जमिनीवर दगड रोवावेत, विकास आराखड्यात आरक्षण टाकावे आणि त्या गटांच्या सातबाऱ्यावर तशी नोंद करावी, ही महापालिका व जिल्हा प्रशासनाला कळकळीची विनंती.

आपला,
एक निवृत्त शाखा अभियंता, नागपूर